लिंपणाची फट

त्या रानात सगळी संकटं बाहेरून येत असत. निदान तसं ठरलेलं होतं. साप बाहेरून यायचा, उदमांजर बाहेरून यायचं, आणि माकडं तर दिवसाढवळ्या आरडाओरडा करत बाहेरून यायची. म्हणून त्या रानावर राज्य करणाऱ्या धनेश पक्ष्यांनी फार पूर्वी एक कायदा केला होता, आणि तो कायदा मातीचा होता.

विणीचा हंगाम आला की मादीने झाडाच्या ढोलीत जाऊन बसायचं. नराने नदीकाठची माती आणून द्यायची. तिने ती फळांच्या चोथ्यात कालवायची आणि ढोलीच्या तोंडाला आतून लिंपायची. लिंपत लिंपत शेवटी एक उभी फट तेवढी राहायची, चोच आत जाईल एवढी. त्या फटीतून नराने तिला भरवायचं. पिल्लं मोठी होईपर्यंत तिने बाहेर यायचं नाही, आणि बाहेरून लिंपणाला कोणी चोच लावायची नाही. जो लावेल तो रानाबाहेर. अशा फटीतून सापाला शिरता येत नसे आणि माकडाचा हात अडकत असे. कायदा उत्तम होता. त्याची तारीफ करताना धनेशांच्या माना आपोआप वर जायच्या आणि डोक्यावरचे पिवळे टोप उन्हात चमकायचे.

आणखी एक गोष्ट होती, तिचा कायद्यात उल्लेख नव्हता. लिंपण झालं की मादीची उडायची पिसं गळून पडायची. नवी यायला अख्खा हंगाम जायचा. हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नसे.

त्या वर्षी पहिल्यांदाच लिंपून घेणाऱ्यांत शेवरी होती. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. लिंपणाच्या दिवशी तिची आई समोरच्या फांदीवर येऊन बसली आणि म्हणाली, "माती नीट मळ गं. मागाहून भेगा पडल्या की लोक आपल्याला नावं ठेवतात." शेवरीने माती नीट मळली. इतकी नीट मळली, की पुढे कित्येक दिवस नवे नर आपापल्या माद्यांना सांगायचे, जरा शेवरीचं लिंपण बघून या. बघून यायला त्या बाहेर कशा येणार, हे कोणाच्या लक्षात येत नसे.

तिचा नर खैरा. दिसायला देखणा, चार जणांत बोलणारा, दुसऱ्याच्या पिल्लालाही चोचीतलं फळ देणारा. शेवरीच्या आईला तो फार आवडला होता. शेवरीलाही आवडला होता, हेही खरं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. खैरा गळ्यात उंबरं साठवून आणायचा आणि फटीतून एकेक करून तिला भरवायचा. त्याची चोच आत आली की ढोलीत अंधार व्हायचा, आणि उंबर तोंडात पडलं की पुन्हा उजेड. शेवरीला त्याची गंमत वाटायची.

मग एके दिवशी अंधार झाला आणि उंबराच्या जागी मानेवर टोच बसली.

शेवरीला वाटलं, चोच सटकली असेल. तिने तसं विचारलंही नाही. लगेच दुसरं उंबर आलं, ते नेहमीपेक्षा गोड होतं. गोड होतं म्हणून तिने पहिल्या प्रकाराचा विचार सोडून दिला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतर होतच राहिलं.

शेवरी हुशार होती, त्यामुळे तिचा गोंधळ जास्त झाला. साधीसुधी असती तर घाबरून मोकळी झाली असती. ती मात्र त्यामागचा नियम शोधत बसली. उंबर झटकन घेतलं तर तो म्हणायचा, "काय हावरी आहेस." सावकाश घेतलं तर म्हणायचा, "आमचं आणलेलं गोड लागत नाही वाटतं." तिने मध्यम गतीने घेऊन पाहिलं. तेव्हा तो काहीच म्हणाला नाही, नुसती टोच मारली. वारा असला की होतं का, ढग असले की होतं का, त्याला वडाची फळं कमी मिळाली की होतं का, असं तिने सगळं ताडून पाहिलं. एकदा तर तो सबंध आठवडा इतका छान वागला की आधीचं सगळं आपण स्वप्नात पाहिलं की काय, असं तिला वाटायला लागलं. मानेवरची खपली मात्र खरी होती.

ती मागे सरकून बसायला शिकली. पण ढोली गोल होती. गोल जागेला कोपरा नसतो, हे लिंपताना तिला सुचलं नव्हतं. आणि फार मागे सरकलं तर उंबर खाली पडायचं, मग त्याचाही राग. चोच तीच, फट तीच, अंधारही तोच. आत आलेली चोच काय घेऊन आली आहे हे कळायच्या आधीच तोंड उघडावं लागायचं, कारण भूकही खरीच असायची.

शेजारच्या झाडावर कुंभी मावशी असायची. तिने अनेक हंगाम लिंपणात काढले होते. नर फळं आणायला गेले की दोघी आपापल्या फटीशी येऊन बोलत. एकमेकींच्या चोचींची टोकं तेवढी दिसत.

"मावशी," शेवरीने एकदा विचारलं, "भरवताना चोच लागते का हो?"

"चोच आहे गं ती, फूल नाही. लागायचीच."

"म्हणजे चुकून लागते ती नव्हे. तशी."

"तशीच म्हणत्येय मी पण."

"मग तुम्ही काय करता?"

"मी डावी बाजू फटीकडे करून बसते," कुंभी म्हणाली. "उजवा डोळा गेला ना, तेव्हापासून. तसं बसलं की तो येतोय का नाही ते आधी कळतं. तू पण आत्तापासून एक बाजू ठरवून टाक. दोन्हीकडे बघायच्या नादात दोन्ही जायचे."

शेवरीने आपोआप दोन्ही डोळे मिटून उघडले. मावशीचा एक डोळा नाही हे तिला माहीतच नव्हतं. फटीतून चोचीचं टोक दिसतं, डोळा दिसत नाही.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. आईला सांगितलं. ती म्हणाली, एक अंडं होऊ दे, निवळेल. मग अंडं झालं. मग म्हणाली, पिल्लू होऊ दे." कुंभी हसली. हसताना तिची चोच फटीवर आपटल्याचा आवाज आला. "आता ती नातवंडांवर आली आहे."

शेवरीलाही हसू आलं, आणि हसल्यावर मान दुखली. अंडं अजून व्हायचं होतं. पण त्या दिवसापासून मान, पंख, पाठ यांचं तिला फारसं काही वाटेनासं झालं. डोळे वाचले पाहिजेत, एवढंच तिने धरलं.

त्याच सुमारास ओढ्यापलीकडे एक मादी आपल्या ढोलीत मेलेली सापडली. शिवणी तिचं नाव. तिचा नर रडत सभेत आला. सभेला सगळे नरच होते, कारण हंगामात माद्या लिंपलेल्या असत, आणि हंगाम नसताना सभा भरत नसे. सभेचा प्रमुख टोपाजी. रानात त्याच्याएवढा मोठा टोप कोणाचाच नव्हता, आणि टोप जेवढा मोठा तेवढा शब्द मोठा, असा तिथला रिवाज होता. टोपाजी मनाने वाईट नव्हता. शिवणीच्या ढोलीपाशी जाऊन त्याने सगळं बारकाईने पाहिलं. लिंपण जसंच्या तसं होतं, एक कण हललेला नव्हता. याचा अर्थ आत कोणी शिरलं नव्हतं. मग तिला मारलं कोणी? सभा फार वेळ विचारात पडली. शेवटी असं ठरलं, की फटीतून जाईल इतका बारीक असा एखादा नवा साप रानात आला असावा.

"माद्यांचं रक्षण झालं पाहिजे," टोपाजी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खैराची मान सगळ्यांत जोरात डोलली. कायदा बळकट करायचा, आणि त्याआधी प्रत्येक ढोलीपाशी जाऊन खुद्द माद्यांनाच विचारायचं, असं ठरलं. असं कधी झालं नव्हतं. सभेला स्वतःचंच कौतुक वाटलं.

टोपाजी शेवरीच्या झाडावर आला तेव्हा फटीसमोर बसायला एकच फांदी होती. ती खैराची. "या, या, बसा ना," म्हणत खैराने त्याला शेजारी जागा करून दिली. दोघे पंखाला पंख लावून बसले.

"पोरी," टोपाजी मायेने म्हणाला, "न घाबरता सांग. तुला काही त्रास आहे का?"

शेवरीला आतून दोन चोची दिसत होत्या. एक तिच्या ओळखीची होती.

"आहे," ती म्हणाली.

खैराने खाकरून घसा साफ केला.

"कुठून होतो?"

खरं सांगायचं तर नाव घ्यायला हवं, आणि नाव घेतलं तर संध्याकाळी त्याच नावाकडून उंबर घ्यायचं होतं. तिने पुष्कळ विचार करून, खोटंही नाही आणि पुरतं खरंही नाही असं काहीतरी शोधलं.

"फटीतून," ती म्हणाली.

टोपाजीने खैराकडे पाहिलं. खैराने टोपाजीकडे पाहिलं. "बघा," खैरा हळहळून म्हणाला, "मी म्हणतच होतो."

सगळ्या ढोल्या फिरून झाल्या. पुष्कळ माद्यांनी काही त्रास नाही असं सांगितलं, आणि ज्यांनी सांगितला त्यांनी फटीचंच नाव घेतलं. मग सभेने कायदा बळकट केला. लिंपण दुप्पट जाड करायचं, फट निम्म्याने अरुंद करायची, आणि काम नीट झालं आहे की नाही हे टोपाजीने स्वतः तपासायचं. अख्ख्या रानात दिवसभर मातीची थपथप चालू होती. खैराने तर सगळ्यांपेक्षा जास्त माती आणली. "तुझ्यासाठीच सगळं," तो आत माती सरकवत म्हणाला. शेवरीने ती लिंपली. आपल्याच एका शब्दाची ही माती झाली, असं तिला लिंपताना वाटलं, आणि कोणावर रागवावं ते न कळून ती लिंपत राहिली.

त्यानंतर उंबरं कमी झाली, कारण मोठी उंबरं फटीतून येईनात. टोचा तेवढ्याच राहिल्या. चोचीचं टोक यायला कितीशी जागा लागते? उलट आता फट एवढी बारीक होती की चोच आली की आत मिट्ट काळोख व्हायचा. एक टोच भुवईवर बसली. डोळा थोडक्यात राहिला.

"मावशी, मी आतून फोडते हे," शेवरी म्हणाली.

"फोड. आणि मग?"

"मग बाहेर येते."

"कशाने येतेस? पंखांकडे बघ तुझ्या. खाली तर पडशीलच, आणि वर लोक म्हणतील कायदा मोडून पडली. जो कायदा मोडेल त्याला भरवायची सोयही नाही."

शेवरीने पंखांकडे पाहिलं. तिथे पिसांच्या जागी नुसते कोंब होते.

तपासणीचा दिवस आला. टोपाजी ढोलीढोलीपाशी जाऊन फटीत आपली चोच घालून बघत होता. नुसती चोच घालणं बरं दिसत नाही म्हणून त्याने चोचीत एक बारकं उंबर धरलं होतं. लेकीसुनांच्या दारी रिकाम्या चोचीने जायचं नाही, असं त्याला लहानपणी शिकवलेलं होतं.

शेवरीच्या फटीत चोच आली आणि आत काळोख झाला. कोणाची चोच, हे दिसायला उजेडच नव्हता. शेवरी मागच्या भिंतीला चिकटली, डोळे घट्ट मिटले, आणि अलीकडे रोज खैराला विचारायची तसं, अगदी रोजच्याच आवाजात तिने विचारलं,

"अहो, आज आधी काय? उंबर की टोच?"

बाहेर टोपाजीची चोच जागच्या जागी थांबली. त्याच्या चोचीत उंबर होतं, त्यामुळे त्याला बोलता येईना. उंबर देता येईना, काढून घेता येईना. आतून पुन्हा आवाज आला. "डोळा सोडून कुठेही चालेल."

"थट्टा करते ती," बाजूने खैरा म्हणाला. "आमचं असंच चालतं."

टोपाजीने चोच बाहेर काढली. दुसऱ्याच्या फटीतून आत बघणं हे त्या रानात असभ्य मानलं जायचं, आणि टोपाजीने उभ्या जन्मात असभ्य असं काही केलं नव्हतं. तो बराच वेळ फांदीवर चुळबुळत राहिला. मग त्याने वाकून फटीला डोळा लावला. तो डोळा तिथे किती वेळ होता, हे नंतर खैरालाही सांगता आलं नाही. डोळा काढल्यावर टोपाजीने खैराच्या चोचीचं टोक पाहिलं. मग तो उडून गेला. उंबर अजून त्याच्या चोचीतच होतं.

दुसऱ्या दिवशी सभेत जे झालं त्याला चर्चा म्हणावं की गलका, हे ठरवणं अवघड आहे. टोपाजी म्हणाला, "साप नाही. साप नव्हताच." कोणालाच कळेना. तो म्हणाला, "लिंपण बाहेरून फोडायची मुभा दिली पाहिजे." तेव्हा मात्र सगळ्यांना कळलं.

"म्हणजे उद्या कोणीही उठून कोणाचंही लिंपण फोडणार?" एक तरुण नर म्हणाला.

"आतून हाक आली तर."

"आणि हाक खोटी असली तर? माद्या रागाच्या भरात काय वाट्टेल ते ओरडतात."

"माझी तर रोजच ओरडते," कोणीतरी मागून म्हणालं, आणि पुष्कळ जण हसले. त्यातले काही मध्येच हसायचे थांबले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"लिंपण फोडलं तर तिला भरवणार कोण?"

"आपण," टोपाजी म्हणाला. "पिसं येईपर्यंत."

"आणि राहणार कुठे ती?"

"तिच्या ढोलीत. दुसरीकडे जायचं असेल तर जो टोचतो त्याने जावं."

ढोली मादीची, असं याआधी कोणी म्हटलं नव्हतं. ढोली झाडाची असते, किंवा रानाची, किंवा नराने शोधलेली असते. एका म्हाताऱ्या नराने हळूच विचारलं, "टोपाजी, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी नाही," टोपाजी म्हणाला. "काल मी एका फटीत चोच घातली. तिला वाटलं, तिच्याच घरची आहे."

काही जणांना ते समजलं, काहींना समजलं नाही, आणि काहींनी समजलं नसल्याचं दाखवलं. पण टोप मोठा होता. कायदा झाला.

तो अमलात कसा आणायचा, हा मात्र प्रश्नच होता. जन्मभर लिंपणाला माती लावलेल्या चोची त्या. फोडायचं कसं, ते एकालाही येत नव्हतं. शेवरीच्या झाडावर सगळे जमले आणि तू आधी, तू आधी करत फांद्या बदलत राहिले. एक जण तर सवयीने चोचीत ओली माती घेऊन आला होता. लग्नघरासारखी ती गडबड ऐकून शेजारच्या फटीतून कुंभी मावशीचा आवाज आला, "अहो, आज हळद कोणाची आहे?"

आत शेवरीला फक्त आवाज ऐकू येत होता. मातीवर चोची आपटल्याचा. लिंपण जाड केलं त्या दिवशी अगदी असाच आवाज आला होता. तिला काही उमजेना. "जाड करताय की पातळ करताय?" तिने ओरडून विचारलं.

"हो," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

शेवरी काही वेळ ऐकत राहिली. मग पुढे आली, आणि आवाज जिथून येत होता तिथेच आतून चोच मारू लागली. माती फारच चांगली मळलेली होती. तिने आपल्याच चोचीला शिव्या दिल्या आणि मारत राहिली. बऱ्याच वेळाने आतल्या चोचीला बाहेरची चोच लागली. दोन्ही दचकून मागे झाल्या. मग मातीचा एक मोठा पोपडा सुटला आणि बाहेरच्या बाजूला पडला.

उजेड एवढा आला की शेवरीला आधी काहीच दिसलं नाही. मग पायाखालची आपली गळलेली पिसं दिसली. मग मातीने माखलेला टोपाजी दिसला. कुठे बघावं ते न कळून तो आभाळाकडे बघत होता. कोणीतरी एक उंबर ढोलीच्या काठावर ठेवलं आणि दूर झालं. शेवरी त्या उंबराकडे बघत राहिली. त्याच्यामागून काय येतं, याची तिने वाट पाहिली. काही आलं नाही. तिने ते उंबर उचललं, आणि उघड्या ढोलीच्या तोंडाशी बसून सावकाश खाल्लं.

समोरच्या झाडावर खैरा होता. त्याची नेहमीची फांदी आता त्याची नव्हती, एवढं त्याला सांगून झालं होतं. त्याच्या चोचीत उंबर होतं, चांगलं पिकलेलं. मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वाकडी करून तो त्या उघड्या ढोलीकडे बघत होता, आणि फट कुठे गेली, ते त्याला काही केल्या सापडत नव्हतं.